वालधुनीच्या काठी स्वातंत्र्य
(नागरिकशास्त्र, पण आपल्या गावाचं : लेखांक 6)

गेल्या आठवड्यात आपण मूलभूत हक्क पाहिले. हक्कांच्या पाठोपाठ काय येतं, हे समजून घ्यायला दिल्लीला जायची गरज नाही. कल्याणहून कर्जत लोकल पकडा, पुरे.

या पट्ट्यात स्वातंत्र्य आलं ते घरदार सिंधमध्ये टाकून आलेल्या माणसांबरोबर. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत सुमारे एक लाख निर्वासित राहिले. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मधे आडोशाला कापड. सरकारी शिध्यावर बसून न राहता माणसं पापड, गोळ्या-बिस्किटं घेऊन लोकलमध्ये विकायला उभी राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र लोक आजही ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. स्वातंत्र्याला पात्र ठरणं म्हणजे काय, हे मी या पिढीकडे बघून शिकलो.

त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेला बजावलं, की आता काही बिघडलं तर इंग्रजांकडे बोट दाखवता येणार नाही, दोष आपलाच असेल.

आता वालधुनीकडे बघा. काकोळ्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. मंदिर बांधणाऱ्या शिलाहारांनी जागा निवडली ती या पाण्यासाठीच असणार. कारखान्यांचं सांडपाणी, जीन्स धुलाईचा रंग आणि आपल्याच घरांचं मलपाणी तिच्यात सोडून आपण तिचा नाला केला. ज्या दिवशी जो रंग धुतला जाई, त्या दिवशी पाण्याला तो रंग. पुलावर आलं की हात आपोआप रुमालाकडे जातो. 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात कुणीतरी नदीत रसायन ओतलं आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना, उलट्या सुरू झाल्या. ते ओतणारा काही इंग्रज नव्हता. ‘माझा धंदा, माझी मर्जी’ एवढाच स्वातंत्र्याचा अर्थ त्याने घेतला होता, आणि दुर्गंधीची सवय लावून घेतलेल्या आपण सगळ्यांनी त्याला तो घेऊ दिला.

संविधानाच्या कलम 51क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आहेत. ती 1976 साली घातली गेली. नद्यांचं रक्षण करणं हे त्यांतलं एक. ते मोडलं म्हणून थेट शिक्षा होत नाही. त्यासाठी 1974 चा जलप्रदूषणाचा वेगळा कायदा आहे. पण कायदाही कुणी तक्रार केली तरच जागा होतो.

म्हणून एक विनंती. रात्री नदीकाठी टँकर उभा दिसला तर त्याचा नंबर, वेळ आणि जागा टिपून घ्या. चारचौघांच्या सह्यांनिशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात लेखी तक्रार द्या, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, आणि दोन्हीकडून पोच घेतल्याशिवाय परतू नका.