पंपिंग कमी असलेल्यांनी लस घेताना

यादीतलं पहिलं नाव

१ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांबरोबर ४५ ते ५९ वयाच्या ठरावीक आजारांच्या रुग्णांनाही कोरोनाची लस मिळू लागली. केंद्राच्या २० आजारांच्या यादीत पहिलंच नाव हार्ट फेल्युअरचं होतं. अट एवढीच, की त्यासाठी गेल्या वर्षभरात रुग्ण दवाखान्यात भरती झालेला असावा. इकोच्या रिपोर्टात ईएफ, म्हणजे आपण ज्याला पंपिंग म्हणतो ते, ४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो रुग्णही यादीत बसत होता. नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र मात्र लागायचं. खानदेशातल्या साक्री किंवा यावलच्या आडगावातल्या माणसाला तेवढ्या कागदासाठी शहर गाठणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं. १ एप्रिलपासून ४५ पुढच्या सगळ्यांनाच लस खुली झाली आणि तो कागद लागेनासा झाला. आधीच तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

लस आधी त्यांनाच का?

हृदय कमजोर असलं की फुप्फुसात पाणी साचायला निमित्तच लागतं. कोरोनात ताप येतो, ऑक्सिजन उतरतो, ठोके वाढतात आणि आधीच थकलेल्या हृदयावर तिन्ही भार एकदम पडतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात कोरोनानं भरती झालेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी जवळपास चारातला एक दगावला. जळगाव जिल्ह्यानं तर २०२० च्या मे-जूनमध्येच राज्याच्या सरासरीपेक्षा बराच जास्त मृत्युदर पाहिला होता. लसीनं संसर्ग दर वेळी टळला नाही, पण आजार गंभीर होण्याचं प्रमाण कमी झालं. या रुग्णांना तेच हवं होतं.

रक्त पातळ करायची गोळी

लसीकरणाच्या पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त गोंधळ रक्त पातळ करणाऱ्या गोळीवरून झाला. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी लस टाळावी असं होतं, तर कोविशील्डच्या पत्रकात फक्त लस देणाऱ्याला तसं सांगा, एवढंच. काहींनी गोळीच बंद केली, आणि खरा धोका तिथेच होता. कृत्रिम झडप बसवलेल्या माणसानं मनानं गोळी सोडली तर झडपेवर गुठळी धरू शकते. गोळी चालू ठेवूनच लस घ्यायची; डोस अर्धा मिलीलीटर, सुई बारीक. टोचल्यावर जागा चोळायची नाही, काही मिनिटं दाबून धरायची. वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोम चालू असेल तर आयएनआरचा (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा) ताजा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा.

ताप, अंगदुखी आणि खानदेशचा उन्हाळा

लशीनंतर एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी होतेच. मग मेडिकलवर जाऊन "अंग दुखतंय, एखादी गोळी द्या" म्हटलं की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन हातात पडतं. हार्ट फेल्युअरमध्ये ही औषधं नकोत. ती शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. साधं पॅरासिटामॉल पुरतं. तेही पाण्यात विरघळणारं, फसफसणारं नको, कारण त्यात सोडियम भरपूर असतं.

दुसरी अडचण पाण्याची. "लस घेतली, भरपूर पाणी प्या" हा सल्ला धडधाकट माणसाला ठीक. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेल्या रुग्णाचा तो घात करू शकतो. पण जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो, घामावाटे पाणी जातं आणि वर लघवीची गोळी चालूच असते. म्हणजे उलटं, पाणी कमी पडून बीपी उतरण्याचीही भीती. म्हणून उन्हाळ्यात पाणी किती आणि गोळी किती हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं, मीठ-साखरेचं पाणीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

वजनकाटा इथे खरा कामाचा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहू लागला किंवा रात्री झोपायला एक उशी जास्त लागू लागली, तर ते लशीमुळेच झालं असं समजून घरी बसू नये, डॉक्टरांना गाठावं.

गुठळ्यांची आणि अचानक मृत्यूची धास्ती

२०२४ मध्ये कोविशील्ड आणि रक्ताच्या गुठळ्यांची बातमी आली आणि तीन वर्षांपूर्वीच्या डोसाची भीती पुन्हा उफाळली. तो दुष्परिणाम खरा, पण फार दुर्मीळ, आणि दिसायचा तो डोसानंतरच्या काही आठवड्यांतच. तरण्या मुलांत हृदयाच्या स्नायूला सूज येण्याच्या ज्या बातम्या परदेशातून आल्या, त्या मुख्यतः एमआरएनए लशींबाबत होत्या. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन त्या प्रकारातल्या नाहीत. आयसीएमआरनं २०२३ मध्ये देशातल्या ४७ रुग्णालयांच्या नोंदींवरून १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास मांडला. लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. कोरोनानं भरती व्हावं लागलेलं असणं, घरात आधी असा मृत्यू झालेला असणं आणि बेसुमार दारू यांचा संबंध मात्र दिसला.

आज

गावोगावची शिबिरं संपली. कोरोनाच्या पुढच्या डोसाचा निर्णय आता वय, पंपिंग आणि आधीचे डोस पाहून हृदयरोगतज्ज्ञच सांगेल. त्याच भेटीत फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचंही विचारावं. फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी घ्यायची असते. जाताना इको, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घेऊन जावीत.