तेलवाहिनीतले दोष ओळखताना : साठ वर्षांचा मागोवा

जमिनीखालच्या तेलवाहिनीची प्रकृती बाहेरून कळत नाही, म्हणून तपासणी यंत्र आत सोडतात. ‘पिग’ नावाचे हे यंत्र तेलाच्याच दाबाने पुढे सरकते. 1965च्या सुमारास अमेरिकेच्या ट्युबोस्कोप कंपनीने चुंबकीय पिग वापरात आणला. वाहिनीची पोलादी भिंत तो चुंबकित करतो; गंजाने धातू झिजला असेल तिथे चुंबकीय प्रवाह बाहेर पाझरतो आणि संवेदक तो टिपतात. पुढे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंडियन ऑइलच्या साथीने असे पिग भारतातही घडवले.

दोष टिपता आला, तरी तो कोणत्या जातीचा हे ठरवणे माणसाच्या नजरेवरच राहिले. खड्डा, पोचा की तडा, यावर दुरुस्तीचा निर्णय अवलंबून असतो. दोषाची जात चुकीची ठरवल्याची जबर किंमत अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मोजावी लागली. 25 जुलै 2010 रोजी मार्शल गावाजवळ एनब्रिज कंपनीची 30 इंची वाहिनी फुटली. गळती उमगायला 17 तासांहून अधिक वेळ गेला, सुमारे 8.4 लाख गॅलन तेल सांडले आणि कलामाझू नदीपर्यंत पोचले. 2005च्या तपासणीत हे दोष यंत्राला दिसले होते. पण विश्लेषणात तड्यांच्या समूहाची नोंद सुट्या तड्यासारखी झाली आणि समूहाचा निकष त्याला लागलाच नाही, असे 2012च्या सरकारी चौकशी अहवालाने नोंदवले.

पिगच्या नोंदींचे आलेख वाचायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुन्यांवरून शिकणारी संगणकीय जाळी, वापरण्याचे प्रयोग या दुर्घटनेआधीच सुरू झाले होते. 2012नंतर प्रतिमा ओळखणाऱ्या सखोल जाळ्यांनी त्यांना वेग दिला. चुंबकीय नोंदी चित्रांसारख्या वाचल्या जाऊ लागल्या. मैलोन्‌मैल आलेख न थकता चाळणे, ही या तंत्राची खरी कमाई.

मात्र अचूकतेच्या टक्केवारीने हुरळून जाऊ नये. शंभरातले नव्याण्णव दोष गंजाचे असतील, तर सरसकट ‘गंज’ म्हणणारे यंत्रही 99 टक्के अचूक ठरते आणि नेमका तडा सोडून देते. तड्यांचे नमुने मुळातच थोडे. संगणकावर रचलेले कृत्रिम नमुने ती उणीव काही अंशीच भरून काढतात. खरे उत्तर वाहिनी खोदून, उघडी करून मोजल्यावरच मिळते. म्हणून खोदकामाची प्रत्येक नोंद, अंदाज चुकल्याचीसुद्धा, कंपन्यांनी जपली पाहिजे आणि एकमेकींना दिली पाहिजे. पुढच्या तपासणीत तडा ओळखला जाईल, तो या नोंदींच्या बळावर.