भाऊ ९४ टक्के, बहीण ५४ टक्के

१५ जानेवारी २०२६ रोजी, गुरुवारी, जळगाव आणि धुळ्यासह राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. कोण कुणाच्या आघाडीत आणि कुणाचे तिकीट कुणी कापले हे वाचकांना पाठ झाले असेल, म्हणून ते सोडून देतो. त्या वेळच्या मतदार याद्यांत काही नावांपुढे दोन चांदण्या छापल्या होत्या. राज्य निवडणूक आयोगाच्या भाषेत हे ‘संभाव्य दुबार मतदार’. एका टूलने अशी नावे शोधायची, स्थानिक कर्मचाऱ्यांनी त्यांची पडताळणी करायची, मतदाराने आपण कोणत्या केंद्रावर मत देणार ते लिहून द्यायचे. ज्याच्याकडून उत्तर आले नाही, त्याच्याकडून मतदानाच्या दिवशी केंद्रावरच हमीपत्र घ्यायचे. नाव मात्र काढायचे नाही. यादी मुळात केंद्रीय आयोगाची, १ जुलै २०२५ ची. राज्य आयोग ती फक्त प्रभागांत वाटून घेतो.

दुबार म्हणजे काय ते सगळ्यांना कळते. गंमत आहे ती ‘संभाव्य’ या शब्दापाशी. दोन नोंदी एकाच माणसाच्या असाव्यात, असा संशय यंत्राला येतो कसा?

अशा टूलांच्या तळाशी जी गणिते असतात, त्यांतले एक कुणालाही घरच्या लॅपटॉपवर करून पाहता येते. पायथॉन या संगणकीय भाषेसोबत ‘डिफलिब’ नावाची एक छोटी लायब्ररी फुकट येते, २००१ पासून. या जातीचे त्याहून जुने साधन म्हणजे बेल लॅब्जमध्ये १९७४च्या सुमारास युनिक्स या संगणक प्रणालीसाठी लिहिलेला ‘डिफ’. दोन फायली द्या, कोणत्या ओळी बदलल्या ते तो सांगे. डिफलिब एक पाऊल पुढे जाऊन दोन मजकूर किती सारखे आहेत, याचा आकडा देते. पद्धत शाळकरी वाटावी इतकी सोपी आहे. दोन्ही मजकुरांत सारखा असलेला सर्वांत लांब सलग तुकडा शोधायचा. त्याच्या डावीकडे जे उरले त्यात पुन्हा तेच, उजवीकडे उरले त्यात पुन्हा तेच, काही जुळायचे थांबेपर्यंत. मग जुळलेल्या चिन्हांची दुप्पट करून दोन्ही मजकुरांतल्या एकूण चिन्हांनी भागायचे. चिन्ह म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा, सगळे वेगवेगळे मोजलेले.

आता एक काल्पनिक घर घेऊ. भगवान पाटलांची दोन मुले, महेश आणि रमेश. यादीत आडनाव आधी असते, म्हणून ‘पाटील महेश भगवान’ आणि ‘पाटील रमेश भगवान’. प्रत्येकी १६ चिन्हे, त्यांपैकी १५ जुळतात. उत्तर ०.९४. सख्खे भाऊ ९४ टक्के सारखे.

दुसऱ्या यादीत हाच महेश ‘महेश भगवान पाटील’ असा नोंदलेला असेल तर? माणूस तोच, फक्त आडनाव मागे गेले. उत्तर ०.६२५. म्हणजे महेश हा भावाशी ९४ टक्के आणि स्वतःशी साडेबासष्ट टक्के जुळतो.

जाणकार म्हणतील, शब्द सुटे करा, वर्णक्रमाने लावा, मग तुलना करा. बरोबर आहे, तसे केले की महेशचे महेशशी शंभर टक्के जुळते. पण रमेशचे ९४ टक्के तसेच राहतात. वय जोडा म्हणावे, तर यादीतल्या वयांवर कुणाचा भरवसा आहे?

खरी मेख पुढे आहे. या दोघांची बहीण सुनीता. लग्नाआधी माहेरी नाव नोंदलेले: ‘पाटील सुनीता भगवान’. लग्न होऊन ती जामनेरहून धुळ्याला गेली, तिथे नाव लागले ‘चौधरी सुनीता प्रकाश’. माहेरचे नाव काढायला कुणी अर्ज केला नाही, कोण करतो? ही झाली अस्सल दुबार नोंद, आणि तशा नोंदी होण्याचे हे अगदी घरगुती कारण आहे. यात लबाडी कुठेच नाही. डिफलिबला विचारा: ०.५४. जवळपासची नावे शोधणारे डिफलिबचे तयार फंक्शन न सांगता ०.६ची रेषा धरते. सुनीता त्या रेषेखाली. म्हणजे जे दोघे दुबार नाहीत त्यांच्यावर बोट, आणि जी आहे ती यंत्राला दिसतच नाही. तिला पकडायचे तर फोटो जुळवावे लागतात किंवा माहेरच्या माणसाला विचारावे लागते. दुसरा उपाय स्वस्त आहे.

खानदेशात हे प्रकरण आणखी अवघड होते, ते पाटलांमुळे. एक लाख नावांची यादी घेतली आणि प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडायचे ठरवले, तर जोड्या होतात सुमारे ५०० कोटी. म्हणून प्रोग्राम लिहिणारे आधी गट पाडतात, बहुतेक वेळा आडनावाने, आणि फक्त गटातल्या गटात तुलना करतात. मुंबईच्या यादीला हे ठीक. इकडे पाटील लेवा पाटीदारांत आहेत, मराठ्यांत आहेत, गुजरांत आहेत. एखाद्या गावात गट पाडावा तर अर्धे गाव एकाच गटात येऊन बसते. त्यात भगवान, सुरेश, भास्कर, प्रकाश या नावांची पिढीच्या पिढी. गावात कुणाचा गोंधळ होत नाही, कारण कुणी कुणाला कागदावरच्या नावाने हाकच मारत नाही. आप्पा, नाना, आबा, तात्या, त्यांच्यापुढे गल्ली किंवा धंदा. मतदार यादीला यातले काहीच ठाऊक नाही.

नाव सारखे म्हणजे माणूस एक, असे नसते हे आपल्या राजकारण्यांना यंत्रांच्या आधीपासून माहीत आहे. २०१४ साली रायगडमध्ये लोकसभेच्या निवडणुकीत सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराने साडेनऊ हजारांहून अधिक मते घेतली होती.

देवनागरीच्या भानगडी थोडक्यात. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ आपल्याला एकच. डिफलिब म्हणते ०.७३. ‘महेश’ आणि ‘रमेश’ मात्र ०.७५. ‘ॲड.’मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो, पडद्यावर हुबेहूब दिसतो, आत वेगळा असतो. ‘कऱ्हाडे’चेही तेच. तुलना करण्याआधी सगळा मजकूर एका वळणावर आणून घेणे हे निम्मे काम, आणि कंटाळवाणे असल्याने तेच टाळले जाते. लांब मजकुराला आणखी एक सापळा आहे. २०० किंवा जास्त चिन्हांच्या मजकुरात जे चिन्ह साधारण एक टक्क्याहून अधिक वेळा येते, त्याच्यापासून डिफलिब जुळणी सुरूच करत नाही. वेग वाढावा म्हणून केलेली सोय. मराठीत काना, र, त, हलन्त हे सगळेच एक टक्क्याच्या वर असतात. ही सोय बंद करायची एक खूण आहे, ती आठवणीने बंद करावी, नाहीतर ओव्यांच्या लांब उताऱ्यांची तुलना करताना भलतीच उत्तरे येतात.

ओव्यांचा विषय निघालाच आहे, तर धुळ्याला जायला हवे. खरे सांगायचे तर हा लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच.

दोन मजकूर समोरासमोर ठेवून फरक टिपण्याचे काम मराठीत फार जुने. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समासच लिहिला, एकोणिसाव्या दशकातला पहिला. प्रत करताना अक्षर कसे असावे, कडेला जागा किती सोडावी, हे त्यांना सांगावेसे वाटले, कारण हातोहात नक्कल होताना काय काय होते ते त्यांनी पाहिले असणार. या परंपरेचे केवढे तरी धन धुळ्यात येऊन पडले आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. रामदासांच्या हातचे म्हणून जपलेले वाल्मीकी रामायणही तिथेच. आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी इथे उभे राहिले. त्यांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष २०२६. महापालिका निवडणुकीच्या धामधुमीत ते कुणाच्या लक्षात राहिले असे वाटत नाही.

राजवाडे म्हणजे वाड्यावाड्यांतून दप्तरे गोळा करीत फिरणारा, चिडखोर, अफाट माणूस. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड. १९०९ मध्ये त्यांनी बीडजवळच्या पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि सांगितले की ही एकनाथांच्या आधीची, हिची भाषा जुनी, रूढ प्रतीतली भाषा नंतर घासूनपुसून सोपी झालेली. त्यावर जे वाद झाले ते पुढे कित्येक वर्षे चालले. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. त्यामुळे राजवाड्यांनी जे छापले ते पोथीत तसेच होते का, हे ताडून पाहण्याचा मार्गच खुंटला. राजवाड्यांवर माझी भक्ती आहे, तरी हे म्हटले पाहिजे: एवढ्या मोठ्या पंडिताचा निर्णयसुद्धा तपासायला आधार उरला नाही की नुसता विश्वास किंवा अविश्वास शिल्लक राहतो.

पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत याच्या उलट केले. १९१९ ते १९६६ एवढे काम, हाताशी १,२५९ पोथ्या. तपासनिसांपुढे चौकटी आखलेले कागद असत: वर श्लोक अक्षर-अक्षर सुटा लिहिलेला, खाली एकेका पोथीला एकेक ओळ, आणि जिथे फरक तिथे त्याच चौकटीत तो भरायचा. डिफलिब करते ते हेच, माणसांनी दौत-टाकाने केलेले. फरक मांडून झाल्यावर मात्र विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या नंतरचे संपादक बसून ठरवत की मूळ पाठ कोणता. बहुसंख्य पोथ्यांत आहे म्हणून तो खरा, असे ते मानत नसत. नक्कल करणारा अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड करत नाही, म्हणून अवघड पाठाकडे कल ठेवत. आणि जे पाठ नाकारले तेही पानाच्या तळाशी छापत. वाचकाला पटले नाही तर त्याने खालून वर पाहावे आणि संपादकाशी भांडावे.

त्या मतदार यादीत ही तळटीप नव्हती, हे माझे भांडण आहे. दोन चांदण्या दिसत, पण नाव कुठल्या दुसऱ्या नोंदीशी जुळले, किती जुळले, रेषा कुठे ओढली, यातले काहीही त्या पानावर नसे. चांदणी ज्या यंत्राने लावली ते गणिताने चालणारे आहे; त्याचे उत्तर छापणे एका जादा रकान्याचे काम. दारात आलेला पालिकेचा कर्मचारी ‘तुमचे नाव दोनदा आहे’ म्हणे. कुठे आहे ते त्याने सांगितले असते, तर रमेश एका वाक्यात ‘तो माझा भाऊ’ म्हणून मोकळा झाला असता.

हा रकाना नागरिकांनी स्वतः तयार करावा म्हटले तर यादी हातात येते ती पीडीएफच्या रूपात, चित्र म्हणून. शोधता येईल अशा मजकुराच्या स्वरूपात यादी मिळावी, ही काँग्रेस नेते कमलनाथांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. हवी तर तुम्हीच ती तशी करून घ्या, असा एकूण सूर होता. करून घेता येते. पण चित्रावरून अक्षरे वाचणारी यंत्रे मराठीत घ आणि ध, ब आणि व यांची अदलाबदल करतात, ‘ख’चा ‘रव’ करतात, आणि मग तुलना होते ती वाचनचुकांची. उलट बाजूही खोटी नाही. सगळ्यांची नावे, वये, पत्ते एका क्लिकवर ताडता येऊ लागले, तर सर्वांत आधी ते जातीनिहाय गठ्ठे पाडणाऱ्या प्रचार कंपन्यांच्या हाती जातील. पत्ता आणि फोटो वगळून नाव, वय, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एवढेच मजकूर म्हणून द्यायला कुणाची हरकत असावी, हे मात्र मला समजत नाही. तेवढी फाइल मिळाली तर शिरपूरच्या किंवा जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका दुपारी चाळीस-पन्नास ओळी लिहून आपल्या प्रभागातल्या चांदण्या तपासून देईल. सुनीताला शोधायला मात्र त्याला जामनेरला जावे लागेल.