वेळ गेला आणि वेळ गेली

मराठींतील ‘वेळ’ हा शब्द बोलणाऱ्याच्या नकळत दोन लिंगांत वावरतो. ‘बाजारांत फार वेळ गेला’ असें म्हणतांना तो पुल्लिंगी असतो. ‘गाडीची वेळ झाली’ म्हणतांना स्त्रीलिंगी होतो. पहिल्यानें अवधि दर्शविला जातो, दुसरीनें नेमका क्षण. अवधि तासांनीं मोजावा लागतो. क्षण मात्र गणतां येतात, म्हणून ‘तीन वेळा सांगितलें’ असा प्रयोग होतो.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांवासारख्या शेतीच्या गांवीं त्याची किंमत चटकन कळते. बियाणें मिळविण्यांत शेतकऱ्याचे चार दिवस मोडले, तर ‘वेळ गेला’ एवढेंच होतें. पण तेवढ्यांत जमिनीची ओल उडाली, तर ‘पेरणीची वेळ गेली’. गेलेला वेळ रात्रीचा दिवस करून थोडाफार भरून काढतां येतो. गेलेली वेळ परत येत नाहीं.

मूळ संस्कृत ‘वेला’ या शब्दाचे काल, मर्यादा, समुद्राचा किनारा व भरती असे अर्थ आहेत. मर्यादेचा तो भाव मराठींतही उरला आहे. मोठ्या अपघातांतून वांचलेल्याविषयीं ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असें म्हणतात. येथें काळ म्हणजे मृत्यु आणि वेळ म्हणजे त्याची नेमलेली घटका.

नित्याच्या व्यवहारांतही हें भान उपयोगी पडतें. डॉक्टरांनीं रोग्यास पांचची वेळ दिली, परंतु वेळ दिला नाहीं, हीं दोन्ही विधानें एकाच भेटीविषयीं खरीं असूं शकतात.