इशाऱ्याची रेषा आणि फवारणीचा निर्णय

पावसाळ्यांत कोल्हापूर व सांगली या भागांतील शेतकऱ्याचें लक्ष दोन आंकड्यांकडे लागलेलें असतें. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेचें पाणी ३९ फुटांवर आलें कीं ती इशाऱ्याची पातळी, व ४३ फुटांवर गेलें कीं ती धोक्याची. सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णेच्या ह्याच दोन पातळ्या ४० व ४५ फुटांच्या आहेत. एकच रेषा कां ठेविली नाहीं, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर सोपें आहे. पाणी धोक्याच्या रेषेस टेंकल्यावर गोठ्यांतील जनावरें सोडावयाचीं, धान्याचीं पोतीं माळ्यावर चढवावयाचीं, नदीकांठची मोटार वर काढावयाची, इतका अवकाश उरत नाहीं. मधल्या चार-पांच फुटांत ह्या कामांस लागणारा वेळ राखून ठेवलेला असतो. सन २०१९ च्या ऑगस्टांत पाणी सांगलीस ५७ व कोल्हापुरास ५५ फुटांच्याहि वर गेलें होतें. वेळेवर हलणें व उशिरां हलणें यांतील अंतर केवढें असतें, तें नदीकांठच्या आमच्या वाचकांस सांगावयास नको.

अशीच एक रेषा पिकावरील किडीसाठींहि आंखतां येते, व ती न आंखल्यामुळें आपण पैसा, पीक आणि कधीं कधीं माणसेंहि गमावतों, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तत्पूर्वीं इतर धंद्यांतील जाणत्या माणसांनीं आपापल्या रेषा कशा ठरविल्या, तें थोडक्यांत पाहूं.

वैद्यकांतील रक्त देण्याचा प्रश्न घ्या. रुग्णाच्या दर शंभर मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या खालीं गेलें कीं बाहेरचें रक्त द्यावें, असा दंडक कित्येक दशकें चालत आला होता. कॅनडांतील डॉक्टरांनीं ८३८ अत्यवस्थ रुग्णांचे दोन गट पाडले, व एकास १० च्या आणि दुसऱ्यास ७ च्या रेषेवर रक्त दिलें. सन १९९९ मध्यें त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीस दिवसांत पहिल्या गटांतील शेंकडा २३.३ व दुसऱ्या गटांतील शेंकडा १८.७ रुग्ण दगावले होते. हा फरक योगायोगाचा नव्हे असें खात्रीनें म्हणण्याइतका मोठा नव्हता. परंतु रक्त हात राखून दिल्यानें रुग्णांची हानि होत नाहीं, इतकें त्यावरून दिसून आलें, आणि पुढें पुष्कळशा रुग्णांच्या बाबतींत ही रेषा ७ च्या आसपास आणण्यांत आली. पॉकर व कॅसिरर या अमेरिकन डॉक्टरांनीं सन १९८० मध्यें याच विचाराचा सर्वसाधारण नियम मांडला होता. रोगाची शक्यता अगदीं थोडी असेल तर उपचार करूं नये. ती फार असेल तर तपासणींत वेळ न दवडतां उपचार सुरू करावा. आणि मधल्या टप्प्यांत मात्र तपासणी करून निर्णय घ्यावा. औषधाचा अपाय जितका मोठा, तितकी उपचाराची रेषा वर. त्याचा लाभ जितका मोठा, तितकी ती खालीं. थोडक्यांत, उपायासहि किंमत असते, हें रेषा ठरवितांना विसरतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण विजेचें. वीज बाहेर गळूं लागली कीं प्रवाह तोडणारें जें सुरक्षा-यंत्र माणसांच्या रक्षणासाठीं घरांत बसवितात, त्याची रेषा बहुधा ३० मिलिअँपिअरची असते. त्याहून मोठा प्रवाह कांहीं काळ शरीरांतून वाहिला तर हृदयाची लय बिघडून प्राण जाण्याचा धोका वाढतो. मग अधिक सुरक्षित म्हणून ही रेषा सर्वत्र एक-दोन मिलिअँपिअरवर कां ठेवीत नाहींत? पावसाळ्यांत जुन्या व लांब तारांतून थोडी गळती होतच असते. तेवढ्यानेंहि वीज दररोज तुटूं लागली, तर कंटाळलेला मालक तें यंत्रच वगळून थेट जोडणी करील, आणि खऱ्या संकटाच्या वेळीं कांहींच राखण राहणार नाहीं. ऊठसूट वाजणाऱ्या घंटेकडे शेवटीं कोणी लक्ष देत नाहीं.

तिसरें उदाहरण पदार्थविज्ञानाचें. जिनीव्हाजवळील भूमिगत प्रवेगकांत प्रोटॉनांचे पुंज सेकंदास सुमारें ४ कोटी वेळां एकमेकांतून जातात. इतकी सर्व नोंद ठेवणें अशक्य. म्हणून ठराविक ऊर्जेच्या वरच्या व ठराविक लक्षणांच्या घटनाच यंत्र प्रथम निवडतें, आणि बाकीच्या तेथल्या तेथें टाकून दिल्या जातात. निवडलेल्या घटनांतूनहि नवीन कण सांपडला असें जाहीर करण्यापूर्वीं आणखी एक कठोर रेषा ओलांडावी लागते: केवळ योगायोगानें तसा आंकडा दिसण्याचा संभव सुमारें ३५ लाखांत एक इतका कमी असला पाहिजे. ता. ४ जुलै २०१२ रोजीं हिग्ज कणासारखा नवा कण सांपडल्याची घोषणा झाली, ती ही रेषा ओलांडल्यावरच. इतका कडकपणा कशासाठीं? हजार ठिकाणीं शोध घेतला तर एखाद्या ठिकाणीं नुसत्या योगायोगानेंहि कांहीं विलक्षण दिसतें. बांधाजवळच्या एका झाडावर चार अळ्या पाहून सगळें शेत गेलें असें मानणारा शेतकरी नेमकी हीच चूक करीत असतो.

आतां आपल्या शेताकडे वळूं. सन १९५९ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठांतील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनीं किडींच्या बाबतींत दोन रेषा सांगितल्या. ज्या संख्येस कीड पोंचली असतां होणारें नुकसान उपायाच्या खर्चास भारी पडूं लागतें, ती पहिली. वाढती कीड तेथवर पोंचूं नये म्हणून जेथें उपाय हातीं घ्यावयाचा, ती दुसरी, व ती पहिलीच्या खालीं असते. पंचगंगेवरील धोका व इशारा यांचें जें नातें, तेंच येथेंहि आहे. आपल्याकडील शिफारशींत जिला ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात, ती व्यवहारांत ही दुसरी रेषा होय.

हिशेब असा बसतो. समजा, औषध व मजुरी मिळून एका फवारणीस एकरीं १,२०० रुपये लागतात व कापसाचा भाव क्विंटलास ७,००० रुपये आहे. म्हणजे त्या फवारणीनें एकरीं १७ किलोंहून अधिक कापूस वांचला तरच ती परवडली. भाव ६,००० वर उतरला तर २० किलो वांचला पाहिजे. यावरून रेषा ही भाव व खर्च यांबरोबर सरकणारी आहे, हें ध्यानांत येईल.

कपाशीसाठीं सध्यां प्रचलित असलेल्या रेषा पुढीलप्रमाणें आहेत. पानामागें मावा १०, तुडतुड्यांचीं पिल्लें २ ते ३, फुलकिडे १०, पांढरी माशी ८ ते १०. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आंत दडून राहत असल्यामुळें ती डोळ्यांस दिसेपर्यंत थांबणें म्हणजे धोक्याच्या रेषेची वाट पाहणें होय. म्हणून तिच्यासाठीं हेक्टरीं ५ कामगंध सापळे लावून पतंग मोजावयाचे. एका सापळ्यांत रात्रीस ८ पतंग, असें लागोपाठ तीन रात्रीं आढळलें, किंवा डोमकळ्यांचें अथवा किडक्या हिरव्या बोंडांचें प्रमाण शेंकडा १० झालें, म्हणजे उपाय योजावा. वीस बोंडें फोडून दोहोंत जिवंत अळी निघाली कीं ही रेषा गांठली असें समजावें. झाडें मात्र शेतांत नागमोडी चालून, सर्व भागांतून घेतलेलीं असावींत.

रेषेच्या खालीं असतांना फवारलें तर बिघडलें काय, असें विचारणारे पुष्कळ आहेत. पहिली हानि पैशाची. दुसरी हानि ढालकिडा, क्रायसोपा इत्यादि मित्रकीटकांची. ते मेल्यावर पांढऱ्या माशीसारखी कीड पूर्वींहून अधिक जोमानें उसळते. तिसरी हानि औषधाची धार बोथट होण्याची. वारंवार मार खाऊन वांचलेल्या किडींची प्रजा त्यास दाद देईनाशी होते. चौथी हानि तर भरून न येणारी. सन २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना झालेल्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखीं पडले. त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु जी फवारणी करण्याची गरजच नव्हती, ती टळली तर तिचा धोकाहि टळतो, एवढें निर्विवाद आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. ही मोजणीची रीत सर्वत्र लागू नाहीं. द्राक्षावरील केवड्यासारखा रोग पानांवर दिसूं लागेपर्यंत थांबलें तर बाग हातची जाते; तेथें पाऊस, दंव व ओलावा यांवर नजर ठेवून आधींच उपाय करावा लागतो. मात्र तेथेंहि रेषा असतेच. फक्त ती किडीच्या संख्येऐवजीं हवामानावर आंखलेली असते.

सन २००८ च्या खरिपांत सोयाबीनवर पानें खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उपद्रव झाल्यानंतर, सन २००९ पासून राज्यांत प्रमुख पिकांवरील किडींची नियमित मोजणी करून सल्ला देण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचा लाभ घ्यावाच; पण आपल्या शेतांतील झाडें आपणच मोजलीं पाहिजेत. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला किंवा दुकानदारानें सांगितलें म्हणून फवारणें, यांत रेषा दुसऱ्याची असते व खर्च आपला.

म्हणून शेतकरी बंधूंस आमची अशी विनंती आहे कीं, मृगापूर्वीं मन शांत असतांनाच आपल्या पिकाच्या रेषा वहींत लिहून ठेवाव्यात, आठवड्यांतून एक सकाळ मोजणीसाठीं राखावी, व आंकडा रेषेखालीं असेल तर हात आवरावा, वर गेला तर एक दिवसहि दवडूं नये. पूर येण्याच्या रात्रीं बंधाऱ्यावर खूण करण्यास कोणी जात नाहीं. ती खूण उन्हाळ्यांतच करून ठेवलेली असते.