हात लागलेल्या बेसचं मोल

जुनी फेंडर जॅझ बेस गिटार विकायला निघाली, की जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी नेक सोडवायला सांगतं. बॉडीच्या पाठीवरचे चार स्क्रू काढायचे, नेक हलक्या हाताने बाहेर घ्यायची आणि तिच्या बुडाचा फोटो पाठवायचा. साठच्या दशकातल्या नेकच्या बुडावर, एरवी कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या लाकडावर, कारखान्यात मारलेला शिक्का असतो. त्यात महिना असतो, वर्ष असतं आणि शेवटी एक अक्षर. ‘ए’ म्हणजे नटपाशी, नेकच्या वरच्या टोकाला, दीड इंच रुंदी, ही जॅझ बेसची नेक. ‘सी’ म्हणजे पावणेदोन इंच, ही प्रिसिजन बेसची.

एवढ्यावर गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. शिक्का फक्त नेकचं वय सांगतो, आणि नेक तर एका बेसची काढून दुसरीला लावता येते. म्हणून पुढची मागणी असते ती आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखालची पट्टी उघडण्याची. तिथल्या पॉटच्या, म्हणजे बटणासोबत फिरून आवाज बदलणाऱ्या भागाच्या, पाठीवर एक आकडा कोरलेला असतो. समजा तो १३७६६१२ आहे. त्यातले १३७ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, ६६ हे वर्ष आणि १२ हा त्या वर्षातला आठवडा. पॉट १९६६ च्या मार्चमधलं असेल, तर त्या बेसचं वायरिंग मार्चच्या आधीचं असू शकत नाही. मग डाख पाहायचा. कारखान्यातला डाख मळून मंद झालेला असतो. नंतर कुणी पिकअप बदलले असतील तर एखादा ठिपका चकचकीत दिसतो, किंवा एकाच जागी दोनदा डाख घातल्याचा फुगवटा दिसतो.

वाद्य विकताना इतकं उघडून दाखवता येतं, याचं कारण ते बनवणाऱ्या माणसात आहे. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ मध्ये त्याने दुकान थाटलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वस्तू बिघडते, ती उघडावी लागते आणि खराब भाग काढून तिथे चांगला बसवावा लागतो, हे दुकानदारीतलं ज्ञान त्याने वाद्यात उतरवलं. जुने गिटार-कारागीर नेक सरसाने बॉडीत कायमची जोडत. त्याने ती स्क्रूंनी जोडली. १९५१ च्या अखेरीस आलेली प्रिसिजन बेस अशीच होती. पिकअप, ब्रिज, ट्यूनिंगच्या चाव्या, सगळं स्क्रूंवर. माणसाएवढा उंच डबल बेस गाडीच्या टपावर बांधून फिरणाऱ्या आणि ड्रम व ब्रासच्या गजरात कुणालाच ऐकू न येणाऱ्या वादकाला आता खांद्याला अडकवता येईल असं वाद्य मिळालं. शिवाय नेकवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे सूर नेमका लागायचा. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच पडलं.

जॅझ बेस १९६० ची. नटपाशी निमुळती होणारी नेक, कंबरेला तिरकी झालेली बॉडी आणि एकाऐवजी दोन पिकअप. या दोन पिकअपमागचा विचार मला या वाद्याचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तार. पोलादी तार तिच्यापुढे थरथरली की वीज निर्माण होते. पण तीच गुंडाळी आसपासच्या विजेच्या तारा आणि ट्यूबलाइट यांची घरघरही पकडते. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे असतात. त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडले, की तारांचे आवाज एकत्र येतात आणि दोघांची घरघर परस्परांना खोडून टाकते. मात्र एकाचं बटण खाली आणलं की घरघर परत येते. नेमक्या याच जागी वादकाची पंचाईत होते. त्याला हवा असलेला आवाज पुष्कळदा मागच्या पिकअपमध्ये असतो, त्यासाठी पुढचा कमी करावा लागतो, आणि स्टुडिओत घरघर ऐकू येते.

त्यामुळे लोकांनी वाद्य उघडलं. हौस म्हणून उघडणारे होतेच, पण बहुतेकांना गरज होती. घरघर न करणारे पिकअप बसवले गेले. मूळ ब्रिज म्हणजे वाकवलेल्या पत्र्याची हलकी पट्टी. तिच्या जागी ‘बॅडॅस’ नावाचा वजनदार ओतीव ब्रिज आला. तो फेंडरच्या जुन्या भोकांतच बसायचा, फक्त तारांच्या खाचा वादकाला कानसीने स्वतः घासून घ्याव्या लागत. सत्तरच्या दशकात अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याची चाल रुजली. तिला वरचा सूर लख्ख हवा होता, म्हणून बॉडीत प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारी छोटी सर्किटं, बसवले गेले. प्रीअँपला नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि बॅटरीला जागा लागते, म्हणून पाठीमागून लाकूड कोरलं गेलं.

हे सगळं सत्तरच्या दशकातल्या बेसवर जास्त झालं, त्यालाही कारण आहे. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १.३ कोटी डॉलरला विकत घेतली. उत्पादन वाढलं, हाताची सफाई कमी झाली. लाकूड जड येऊ लागलं. दशकाच्या मध्यावर नेकचे चार स्क्रू तीन झाले. त्या काळात या बेसना जुनं, मौल्यवान वाद्य कुणी म्हणत नव्हतं. ती रोजच्या कामाची अवजारं होती, आणि अवजार हाताला बसेना तर माणूस ते घासून घेतो.

आज त्याच बेस विकायला आल्या की हिशेब उलटा होतो. जुन्या वाद्यांच्या बाजारात सगळ्यात जास्त पैसे न बदललेल्या बेसला मिळतात. जी बेस कुणी फारशी वाजवलीच नाही, जी केसमध्ये घालून पलंगाखाली पडून राहिली, तिला. रंग नव्याने दिलेला असेल तर किंमत अर्ध्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ आडाखा आहे. इतर बदलांचे दोन वर्ग पडतात. ब्रिज, चाव्या, पिकअप ही सगळी परतीची वाट असलेली कामं. मूळ भाग जपून ठेवले असतील तर ते पुन्हा बसवता येतात आणि नुकसान थोडक्यात आटोपतं. बॅटरीचा खड्डा, रुंद केलेली पिकअपची जागा, खरवडलेला रंग यांना परतीची वाट नाही. आणि बदलांवर घातलेला पैसा विकताना जवळजवळ कधीच वसूल होत नाही. महागडा प्रीअँप बसवलेली बेस बहुतेकदा न बसवलेल्या बेसपेक्षा स्वस्तात जाते. म्हणून शहाणा विक्रेता प्रीअँप काढून वेगळा विकतो, जुने पॉट परत डाखतो आणि बेस मूळ रूपात बाजारात आणतो.

संग्राहकाच्या बाजूने हा हिशेब चुकीचा नाही. पण या वाद्याला जे नाव मिळालं, ते ज्या बेसवर मिळालं त्यांच्याकडे पाहिलं की तो अपुरा वाटू लागतो.

बेसवादक जॅको पास्टोरियसची १९६२ ची जॅझ बेस घ्या. तिच्या नेकवरचे फ्रेट उपटलेले होते. हे आपणच लोणी लावायच्या सुरीने केलं, असं जॅको सांगायचा. खाचा लुगदीने भरल्या होत्या आणि लाकडावर होडीला लावतात त्या इपॉक्सीचे थर चढवले होते. त्याला गुंडाळीच्या खरबरीत तारा हव्या होत्या, आणि त्या तारा नुसतं लाकूड करवतीसारखं खातात. इपॉक्सीच्या कडक, गुळगुळीत पाठीवर तारेचा सूर लांबत जातो. दोन सुरांमधली सगळी जागा मोकळी झाली. सरोद ऐकणाऱ्याला मींड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. जॅकोच्या बेसमध्ये ती विजेच्या वाद्यातून ऐकू आली. १९७६ चा त्याचा पहिला अल्बम आणि त्यानंतर वेदर रिपोर्ट या बँडबरोबरची ध्वनिमुद्रणं यांनी बेस वाजवणाऱ्या एका पिढीला नव्याने शिकायला लावलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात त्या बेसचे तुकडे झाले. फ्लोरिडातल्या केविन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या कारागिरांनी ती जोडून पुन्हा उभी केली. त्यानंतर १९८६ मध्ये न्यूयॉर्कमधून ती चोरीला गेली आणि पुढच्याच वर्षी जॅको गेला. सुमारे वीस वर्षांनी ती न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात सापडली. ती खरी आहे हे कशावरून ठरलं? तिच्यावरच्या दुरुस्तीवरून. ज्यांनी तुकडे जोडले होते त्यांनी स्वतःचं काम ओळखलं. बाजार ज्याला दोष म्हणून पैसे कापतो, तीच इथे ओळखीची खूण ठरली. दुकान आणि कुटुंब यांच्यात मालकीचा वाद झाला. मेटॅलिकाचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहिलो याने पैसे घालून तो मिटवला. बेस त्याच्याकडे आली, पण जॅकोच्या मुलांना हवी असेल तेव्हा त्याच किमतीत परत द्यायची, असा त्यांचा करार झाला.

बेसवादक मार्कस मिलरची बेस १९७७ ची, म्हणजे बाजाराच्या मते उतरत्या काळातली. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोव्स्की या कारागिराने तिच्यात प्रीअँप बसवला, ब्रिज बदलला, आणि ऐंशीच्या दशकातल्या असंख्य रेकॉर्डवर तोच आवाज उमटला. रश या बँडच्या गेडी लीने १९७२ ची जॅझ बेस मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या गहाणवटीच्या दुकानात २०० डॉलरला घेतली आणि तिलाही बॅडॅस ब्रिज लावला. १९९८ मध्ये फेंडरने या दोघांच्या नावाची मॉडेलं काढली, तेव्हा त्यांनी केलेले बदल कारखान्यातूनच बसवून दिले. वादकाने स्वतःच्या गरजेपोटी केलेलं काम नव्या वाद्याचा नमुना बनलं.

तरी जॅको आणि मिलर हे अपवाद. विकायला येणाऱ्या बहुसंख्य बेस ना १९६२ च्या असतात, ना कुणा नामवंताच्या. त्या १९६२ सारख्या असतात. सीबीएसच्या शेवटच्या दिवसांत कंपनीने स्वतःचीच जुनी मॉडेलं पुन्हा काढायचं ठरवलं आणि १९८२ पासून अशा बेस फुलर्टनमध्ये आणि जपानमध्ये बनू लागल्या. जपानी कारागिरांनी हे काम इतक्या निगुतीने केलं, की त्या सुरुवातीच्या बेसना आता स्वतःचाच चाहता वर्ग आहे. जुन्या धर्तीच्या अशा बेसमध्ये पहिल्या मालकाने पिकअप बदललेले, दुसऱ्याने प्रीअँप बसवलेला, आणि आता तिसरा ती घेतो आहे, हे अगदी नेहमीचं. रोज कार्यक्रम करणाऱ्या वादकाला मी अशीच बेस घ्यायला सांगेन. बदलांचा खर्च आधीच्या मालकाने सोसलेला असतो, आणि संग्राहकाची नजर तिच्यावर नसल्यामुळे भाव माणसाच्या आवाक्यात राहतो.

विकणाऱ्याने मात्र ‘किरकोळ बदल’ एवढंच लिहून सुटू नये. कोणते पिकअप आहेत, मूळचे कुठे आहेत, पाठीत खड्डा आहे का, फ्रेट घासलेत की पूर्ण नवे घातलेत, वजन किती, हे लिहावं आणि खड्ड्याचा फोटो सगळ्यात आधी लावावा. आणखी एक गोष्ट हमखास सुटते. जुन्या धर्तीच्या बेसमध्ये नेकच्या पोटातली सळई नेकच्या बुडाशी कसावी लागते. म्हणजे नेक वाकली की प्रत्येक वेळी ती सैल करून वर उचलायची, थोडं फिरवायचं, परत बसवून, तारा चढवून पाहायचं. हे करून करून स्क्रूंची भोकं झिजतात. सळई अजून किती फिरू शकते आणि भोकं घट्ट आहेत का, हे दोन प्रश्न पिकअपच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहेत.

मुंबई आणि गोव्यात तर जास्तच. इथे जूनमध्ये हवा ओली होते, लाकूड फुगतं, आणि दिवाळीनंतर ते पुन्हा आवळतं. इथल्या वादकांना दुसऱ्या हाताच्या वाद्याचं अप्रूप नाही. आयातीवर निर्बंध होते त्या काळात परदेशी बेस दुकानातून सहज मिळत नसे. बाहेरून येणाऱ्या कुणाकडून तरी ती मिळवावी लागे, आणि मिळाली की वर्षानुवर्षं दुरुस्त करून वापरली जाई. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत, तो हाच काळ. त्या काळातली गाणी बेसकडे लक्ष देऊन ऐकली, तर खालच्या सुरांनी ताल कसा उचलून धरलाय ते कळतं.

लाकडाच्या बाबतीत आपलं नातं आणखी जवळचं आहे. सुरुवातीच्या जॅझ बेसच्या नेकवर ब्राझीलचं रोजवूड असे. साठच्या दशकाच्या मध्यापासून त्या जागी भारतीय रोजवूड येऊ लागलं, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसवी, ज्याचे पलंग आणि कपाटं जुन्या घरांत अजून दिसतात. या दोन लाकडांतला फरक विकताना फार जपून पाहावा लागतो. ब्राझीलच्या लाकडावर १९९२ पासून सर्वांत कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि ते असलेली बेस परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. २०१७ च्या जानेवारीत शिसवीसह जवळजवळ सगळ्या रोजवूडवर कागदपत्रांची अट आली आणि वाद्यांचा परदेशी व्यवहार अडखळला. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझीलच्या लाकडाला नाही. म्हणून १९६४-६५ च्या आसपासची बेस परदेशातून मागवणाऱ्याने भाव ठरवण्याआधी नेकवरचं लाकूड कोणतं ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावं, आणि ब्राझीलचं निघालं तर परवाना हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.