जोतिबाचा घाट आणि लिटरभर डिझेल

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरांवर वाडी रत्नागिरी नावाचा डोंगर आहे. ह्या डोंगरावर जोतिबाचे प्रसिद्ध देवस्थान वसलेले आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लक्षावधी भाविक येथे येतात. उंच सासनकाठ्या नाचू लागतात, गुलालाने सारा डोंगर न्हाऊन निघतो आणि ‘चांगभलं’च्या गजराने आसमंत दुमदुमून जातो. कित्येक भाविक आजही पायीच डोंगर चढतात. परंतु मोटारीने घाट चढणाऱ्यांची संख्याही मोठी आहे.

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारणतः ५५० मीटर उंचीवर आहे, तर जोतिबाचे देऊळ सुमारे ९५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे देवदर्शनास निघालेल्या प्रत्येकाला ४०० मीटर वर चढावे लागते. पायी जाणारा भाविक आपल्या अंगच्या बळावर चढतो. मोटारीला हे बळ कोठून मिळते? ते तिच्या टाकीतील इंधनातून मिळते. म्हणूनच गाडी विकत घेणारा मनुष्य पहिल्याने विचारतो, “ही गाडी लिटरला किती ॲव्हरेज देते?” एका लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर चालते, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर तितके साधे नाही.

इंधनाची बचत हाच मुख्य हेतू समोर ठेवून बनविलेली एक गाडी उदाहरणादाखल घेऊ. सन २०१५ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने ‘सियाझ’ ह्या कौटुंबिक गाडीचा एक नवा डिझेल प्रकार बाजारात आणला. चौकात गाडी थांबली, की तिचे इंजिन आपोआप बंद होई आणि निघताना पुन्हा सुरू होई. वेग कमी होत असताना तिचे जनित्र चाकांच्या गतीपासून वीज निर्माण करून बॅटरीत साठवी, आणि वेग वाढविताना तीच वीज इंजिनाला थोडासा हातभार लावी. नियमानुसार घेतलेल्या चाचणीत ही गाडी एका लिटर डिझेलमध्ये २८.०९ किलोमीटर चालते, असे ठरले. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुरासंबंधीचे अधिक कडक नियम देशभर लागू झाले आणि त्या सुमारास ह्या कंपनीने डिझेलच्या मोटारी बनविणे थांबविले. तरीही तो आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

डिझेल इतके अंतर कसे कापू शकते, हे कळण्यासाठी त्याच्या इंजिनाची ओळख करून घेतली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन अभियंता १८५८ मध्ये जन्मला. त्या काळची वाफेची इंजिने कोळशातील बहुतेक उष्णता वाया घालवीत असत, हे पाहून त्याला चैन पडेना. सायकलच्या चाकात जोराने हवा भरताना पंप गरम होतो, हे सर्वांनी अनुभवलेले असते. हवा दाबली की तापते. डिझेलने हेच तत्त्व वापरले. नळकांड्यातील हवा दट्ट्याने इतकी दाबावयाची, की तिच्यात इंधनाचा फवारा पडताच ते ठिणगीवाचून पेटावे, अशी त्याची योजना होती. अनेक वर्षे खटपट केल्यावर १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी ठरले. इंधनातील शक्तीचा चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक भाग ते कामास लावू शकत होते. त्या काळी ही फार मोठी मजल होती.

महाराष्ट्राला हे इंजिन परके राहिले नाही. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. अशा इंजिनांनी गावोगावच्या विहिरींचे पाणी उपसले आणि उसाच्या मळ्यांना पाजले. कोल्हापुरातील ओतशाळांतून आजही इंजिनांचे आणि मोटारींचे सुटे भाग घडविले जातात.

आता प्रश्न येतो तो चाचणीचा. पुण्यातील वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिची स्थापना १९६६ मध्ये झाली. अशा संस्थांतून गाडीची परीक्षा होते ती रस्त्यावर नव्हे, तर बंदिस्त दालनात. गाडीची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, रूळ फिरतात. गाडी मात्र जागच्या जागी राहते. कोणत्या क्षणी किती वेग ठेवावयाचा, ह्याचा आलेख चालकापुढे असतो आणि त्याप्रमाणे तो गाडी चालवितो. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे ही परीक्षा ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी वेळ चाले आणि वेग ताशी ९० किलोमीटरांच्या वर जात नसे. नळीतून बाहेर पडणारा धूर गोळा करून त्यावरून किती इंधन जळले, ह्याचा हिशेब काढीत.

ह्या परीक्षेत लबाडी नसते. सर्व गाड्यांना एकच मापदंड लावला जातो आणि म्हणूनच दोन गाड्यांची तुलना करता येते. परंतु त्या दालनात घाट नसतो, खड्डे नसतात, समोरून वारा येत नाही, उसाने भरलेल्या ट्रॉलीमागे रांगत जावे लागत नाही, आणि मागच्या आसनावर सामानासह तिघेजण दाटीने बसलेले नसतात. तेव्हा दालनातील आकडा जसाच्या तसा जोतिबाच्या वाटेवर मिळावा, अशी अपेक्षा धरणे योग्य होणार नाही.

घाट डिझेलचा किती घास घेतो, हे थोड्या गणिताने काढता येते. गाडी, माणसे आणि सामान मिळून वजन १५०० किलोग्रॅम धरू. एक किलोग्रॅम वजन एक मीटर उचलण्यास सुमारे १० ज्यूल शक्ती लागते. ह्या हिशेबाने १५०० किलोग्रॅम वजन ४०० मीटर उचलण्यास ६० लाख ज्यूल लागतात. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लाख ज्यूल साठविलेले असतात. त्यांपैकी साधारणतः एक तृतीयांश, म्हणजे १२० लाख ज्यूल चाकांपर्यंत पोहोचतात. उरलेले उष्णतेच्या रूपाने निघून जातात. याचा अर्थ असा, की केवळ घाट चढण्यासाठीच अर्धा लिटर डिझेल अधिक लागते.

समजा, एखादी गाडी सपाट रस्त्यावर लिटरला २० किलोमीटर जाते. कोल्हापूर ते जोतिबा हे २० किलोमीटरांचे अंतर सपाट असते, तर तिला एक लिटर पुरले असते. घाटामुळे मात्र दीड लिटर लागेल. म्हणजे लिटरला १३ किलोमीटरांहून थोडे अधिक. परतताना काय होईल? चढताना खर्चलेला अर्धा लिटर उतरताना पूर्ण परत मिळेल, असे कोणासही वाटेल. परंतु तसे होत नाही. उताराचा भाग ६ किलोमीटरांचा धरला, तर सपाटीवर त्या अंतरास ०.३ लिटर डिझेल लागले असते. उतारावर ते सारे वाचले, तरी बचत ०.३ लिटरच्या पुढे जाऊ शकत नाही. न जळलेले डिझेल वाचविता येत नाही! परतीस ०.७ लिटर लागेल. जाऊन येऊन ४० किलोमीटरांना २.२ लिटर, म्हणजे लिटरला सुमारे १८ किलोमीटर.

उरलेला ०.२ लिटरचा मोबदला कोठे गेला? वेग आवरण्याच्या कामी त्याची उष्णता झाली. ही उष्णता २४ लाख ज्यूल होते. तिच्यात सुमारे साडेसात लिटर साधे पाणी उकळीला आणता येईल. वेग कमी होताना वीज साठविणारी गाडी ह्यातील थोडा अंश परत मिळविते. पण तिची बॅटरी लहान असल्यामुळे अख्ख्या घाटाची शक्ती तिच्यात मावत नाही.

येथेच एक घातक समजूत डोके वर काढते. काही चालक घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. कोणी तर इंजिनच बंद करतात. गाडी आपल्या भाराने उतरते आहे, तेव्हा इंजिनाला काम कशाला, असा त्यांचा विचार असतो. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

पहिली बाब बचतीची. गाडी गिअरमध्ये असताना चालकाने पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, की उताराच्या ओढीने चाकेच इंजिनाला फिरवितात. आजच्या गाडीतील यंत्रणा हे ओळखते आणि इंधनाचा फवारा पूर्ण बंद करते. त्या वेळी डिझेलचा एक थेंबही जळत नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला फिरत ठेवण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. अर्थात न्यूट्रल केल्याने उतारावर डिझेल वाचत नाही; ते खर्च होते.

दुसरी बाब जिवाची. गाडी खालच्या गिअरमध्ये असली, म्हणजे इंजिन स्वतःच तिला मागे ओढून धरते आणि ब्रेकांवरचा भार हलका होतो. न्यूट्रलमध्ये हा आधार सुटतो आणि सारी उष्णता एकट्या ब्रेकांना सोसावी लागते. वळणामागून वळण येते, चालक पुन्हा पुन्हा ब्रेक दाबतो आणि ब्रेक तापत जातात. फार तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. इंजिन बंद केले असेल, तर अवस्था आणखी बिकट होते. ब्रेक दाबण्यास इंजिनाकडून मिळणारे साहाय्य पायाच्या दोनचार दाबांत संपते, आणि चाक वळविणेही जड जाते. ज्या घाटातून यात्रेकरूंचे जथे रस्त्याच्या कडेने चालत असतात, तेथे अशी गाडी आवरली नाही, तर काय अनर्थ ओढवेल, हे सांगावयास नको. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जाणते चालक सांगतात.

मग खरी बचत कशाने होते? चाकांत हवा योग्य प्रमाणात असावी. हवा कमी असेल, तर चाक रस्त्याला अधिक दाबून घासते. गाडीत विनाकारण ओझे नसावे, कारण घाटात प्रत्येक किलोग्रॅम उचलावा लागतो. वेग बेताचा ठेवावा. वेग दुप्पट झाला, तर हवेचा विरोध चौपट होतो. पुढचा रस्ता पाहून वेळीच पाय उचलावा, म्हणजे ब्रेक दाबून गती वाया घालवावी लागत नाही. यात्रेच्या दिवशी वाहनांची रांग बराच वेळ खोळंबली, तर इंजिन बंद करून उभे राहावे. मात्र त्या वेळी गाडी सपाटीवर असावी आणि हातब्रेक ओढलेला असावा. ह्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांना पैसे पडत नाहीत.

आपली गाडी खरोखर किती ॲव्हरेज देते, हे कोणत्याही मुलाला घरच्या घरी काढता येते. टाकी पूर्ण भरावी आणि गाडीच्या मीटरवरील किलोमीटर वहीत टिपून ठेवावेत. काही दिवस नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि शक्य तर त्याच पंपावर टाकी पुन्हा पूर्ण भरावी. समजा, मधल्या काळात गाडी ६१२ किलोमीटर चालली आणि दुसऱ्या वेळी ३४ लिटर डिझेल मावले. ६१२ ला ३४ ने भागले, की उत्तर १८ येते. असा हिशेब एकदा करून थांबू नये. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, शहरात आणि घाटात तो पुन्हा पुन्हा केला, म्हणजे एकाच गाडीचे आकडे किती बदलतात, हे वहीच सांगेल.

ह्या हिशेबाला मोल आहे. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी पाचातील चार भागांहून अधिक तेल परदेशांतून विकत आणतो. शिवाय एक लिटर डिझेल जळाले, की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत मिसळतो. वाचलेला प्रत्येक लिटर घराच्या, देशाच्या आणि हवेच्याही हिताचा असतो. पण ही बचत समजून-उमजून केलेली असावी. गिअरमध्ये, धीमेपणाने घाट उतरणारा चालक डिझेल वाचवितोच. शिवाय गाडीत बसलेल्यांना आणि वाटेने चालणाऱ्यांना तो सुखरूप घरी पोहोचू देतो.